जट कोणाच्या मर्जीची?

शहरातल्या पोराने हजारो रुपये मोजून डोक्यावर ड्रेडलॉक करून घेतले की ती फॅशन, आणि सातपुड्यातल्या बाईच्या डोक्यात जट आली की ती अंधश्रद्धा. त्याचे फोटो निघतात, हिच्या केसांना कात्री लागते. म्हणून जट काढण्याच्या मोहिमा म्हणजे गरिबांच्या संस्कृतीवरचा हल्ला, त्या थांबवा. जट निसर्गाने दिली, देवाने राखली, खुद्द शंकराने धारण केली. तिला हात लावणारे तुम्ही कोण?

हा युक्तिवाद अलीकडे नंदुरबारच्या एका व्याख्यानात ऐकला. वक्ते वाचलेले आहेत, आदिवासी जीवनाबद्दल त्यांना कळकळ आहे, सभागृहाने टाळ्याही भरभरून दिल्या. मला मात्र संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. त्या तासाभराच्या भाषणात कैलास होता, जमैका होती, गोऱ्यांची सत्ता होती. जिच्या मानेवर ते ओझं आहे त्या बाईला काय वाटतं, याबद्दल एक वाक्य नव्हतं.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढते. शंकराच्या जटेतून गंगा वाहते; धडगावच्या एखाद्या पाड्यावरच्या बाईला मे महिन्यात झिऱ्यावरून हंडा आणताना डोकं धुवायला पाणी उरत नाही. या दोन जटांची तुलना करणाऱ्याने आधी तो हंडा वाहून पाहावा. तोरणमाळला महाशिवरात्रीच्या यात्रेत जटाधारी साधू येतात, हेही खरं. पण ते संसार सोडून, स्वतः गुरू शोधून त्या वाटेला लागलेले पुरुष आहेत. सासूने, शेजारणीने आणि भगताने सांगितलं म्हणून जिला जट ठेवावी लागली, तिच्या वतीने त्यांना बोलता येणार नाही. राहिली जमैका, म्हणजे ड्रेडलॉक आपल्या साधूंकडूनच तिकडे गेले हा दावा. तिथे १८४५ पासून भारतीय मजूर गेले, त्यांच्यातल्या साधूंच्या जटा तिथल्या लोकांनी पाहिल्या असतील. पण ड्रेडलॉक राखणाऱ्या तिथल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांनी केसांना कात्री न लावण्याचा आधार बायबलमधल्या नाझीर व्रतात शोधला आणि त्यांचे डोळे इथिओपियाकडे लागलेले होते. आपला अभिमान सुखावण्यासाठी दुसऱ्यांच्या श्रद्धेचा इतिहास आपल्या नावावर करू नये.

आता मुख्य मुद्दा. ‘जट नैसर्गिक, ड्रेडलॉक कृत्रिम; जट म्हणजे केसांची मूळ, निर्मळ अवस्था,’ हे वाक्य वक्त्यांनी दोनदा उच्चारलं. ज्याने आयुष्यात कधी दुसऱ्याच्या डोक्यातला गुंता सोडवलेला नाही, तोच माणूस असं बोलू शकतो.

जट कशी होते ते पाहा. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. केस कोरडा, मळका, घासलेला असला की ते उचकटतात आणि एकमेकांत अडकतात. माणसाच्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. फणी फिरली तर ते निघून जातात, नाही फिरली तर तिथेच राहतात आणि उरलेल्यांना बांधून टाकतात. बाळंतपणानंतर अंगात त्राण नसलेली बाई, तापाने आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळलेली बाई, मनाचा आजार असल्यामुळे स्वतःकडे लक्ष देऊ न शकणारी बाई, अशा बाईच्या डोक्यात मागच्या बाजूला, उशीला घासणाऱ्या भागात आधी गुंता होतो. पहिल्या पंधरवड्यात खोबरेल तेल, रुंद दातांची फणी आणि धीराचा हात मिळाला तर तो तासा-दोन तासांत सुटतो. पण घरात कुणी तरी म्हणतं, ‘देवी आली आहे, हात लावू नको.’ तिथे निसर्ग संपतो आणि माणसांचा कारभार सुरू होतो. मग गुंत्याला हळदकुंकू लागतं, तेल ओतलं जातं, न्हाणं बंद होतं. तेलावर धूळ बसते, घामाने ती भिजते, वर्षभरात एक घट्ट गोळा तयार होतो आणि दर महिन्याला साधारण एक सेंटिमीटरने लांबत जातो. आतपर्यंत पाणी गेलं तर ते वाळत नाही. पावसाळ्यात सातपुड्यात दिवसचे दिवस ऊन नसतं, तेव्हा त्या गोळ्याला कुबट वास सुटतो. खाली उवा, कोंडा, खाजवून झालेल्या जखमा. मान एका बाजूला ओढली जाते, झोपताना कूस बदलता येत नाही. मी शहाद्याच्या आणि तळोद्याच्या बाजारात अशा बायका पाहिल्या आहेत. पदराने झाकलेलं ते ओझं हाताने सावरत त्या चालतात. याला निर्मळ अवस्था म्हणणाऱ्याच्या डोक्यावर ते एक रात्र ठेवावं.

आता ज्याला वक्ते ‘कृत्रिम’ म्हणाले, ते पाहा. आपले बहुतेकांचे केस सरळ किंवा लाटदार, गुळगुळीत; त्यांचे लॉक सहजी बसत नाहीत. म्हणून कारागीर आधी डोकं स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवतो. मग टाळूवर साधारण इंचभराचे चौकोन पाडतो, तेही एकाआड एक सरकवून, म्हणजे भांगांच्या सरळ रेषा उघड्या पडत नाहीत. प्रत्येक बट मुळाच्या दिशेने उलटी विंचरून गुंतवतो आणि अगदी बारीक क्रोशाच्या सुईने सुटे केस आत ओढून घेतो. यात दिवस जातो. लॉक घट्ट, पक्के व्हायला वर्ष, कधी दीड-दोन वर्षं लागतात. त्या काळात आठवड्याला एकदा तरी डोकं धुवायचं. शाम्पू असा की ज्याचा थर मागे राहत नाही. मेण आणि जड तेल टाळायचं, कारण ते आत जाऊन बसतं आणि पुन्हा निघत नाही. धुतल्यावर एकेक लॉक मुठीत दाबून पिळायचा, उन्हात किंवा ड्रायरने गाभ्यापर्यंत वाळवायचा. ओले लॉक बांधून झोपलं की आत बुरशी धरते. प्रत्येक न्हाण्यानंतर मुळाशी शेजारचे लॉक बोटांनी सुटे करायचे, नाही तर दोनाचा एक, चाराचा एक होत जातो. नवे वाढलेले केस सहा-आठ आठवड्यांनी सुईने आत घ्यायचे. त्याहून घाई केली, मुळं करकचून पिळली, तर कपाळाच्या आणि कानशिलांच्या रेषेवरचे केस मागे हटतात आणि ते नेहमीच परत येतात असं नाही. रात्री डोक्याला गुळगुळीत कापड गुंडाळायचं. टाळूला खाज सुटली, पुरळ आलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि कंटाळा आला तर? भरपूर कंडिशनर लावून, सुईने, टोकाकडून मुळाकडे, कित्येक दिवस खपून लॉक उलगडता येतात. तेवढा धीर नसेल तर कापायचे. कुणी शाप देत नाही.

म्हणजे मोकळ्या केसांपेक्षा लॉकना जास्त पाणी, जास्त वेळ, जास्त लक्ष लागतं. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतल्या घोडेबाजारात व्यापारी आपल्या घोड्याला रोज खरारा करतो, आयाळ विंचरतो, गुंता होऊ देत नाही, कारण जनावराची किंमत त्याला ठाऊक असते. आपल्याच घरातल्या बाईच्या डोक्याला बारा-बारा वर्षं फणी लागू न देणाऱ्या रिवाजाची बाजू घेताना या वक्त्यांना एकदा तरी थांबावंसं वाटायला हवं होतं.

दिसायला दोन्ही गुंतलेले केसच, हे मान्य. फरक एका प्रश्नाने कळतो. लॉकवाल्या पोराला विचारा, ‘उद्या कापशील का?’ तो म्हणेल, ‘मन झालं तर कापीन.’ जटवाल्या बाईला विचारा. ती आधी आजूबाजूला पाहते. ‘कापली तर रक्त येईल, मुलाला काही होईल, नवरा जाईल, देवी कोपेल.’ टाळूच्या बाहेर आलेल्या केसात ना रक्त असतं ना संवेदना. तो निर्जीव केराटिन आहे. हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि सांगायला गेलेल्याला संस्कृतीचा शत्रू ठरवायला आमचे वक्ते तयार असतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे सौंदत्तीच्या परिसरात तर मुलीच्या डोक्यातली जट हे तिला देवाला सोडण्याचं कारण ठरत आलं. महाराष्ट्राने २००५ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध नवा कायदा केला. केसांच्या एका गुंत्यावरून मुलीचं आयुष्य ठरवलं गेलं, हा इतिहास ज्याला माहीत आहे त्याने ‘जट ही निरुपद्रवी परंपरा’ असं म्हणू नये.

शिवाय ही भीती फक्त आपली नाही. पोलंडमध्ये शतकानुशतके शेतकऱ्यांच्या डोक्यावर अशाच जटा होत्या. तिथेही हेच मानत: रोग जटेवाटे बाहेर पडतो, कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो. एकोणिसाव्या शतकात क्राकोवचे डॉक्टर योझेफ डीट्ल यांनी हा रोगच नव्हे, ही न विंचरलेल्या केसांची गत आहे, असं ठामपणे मांडलं आणि जटांविरुद्ध लोकशिक्षण केलं. पुढे १८६६ मध्ये ते त्याच शहराचे महापौर झाले. जटा गेल्या आणि पोलिश संस्कृती कुठेही बुडाली नाही.

इथे एक जुना वाद आठवतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात एका पोराने लॉक ठेवले, तर त्याला वर्गात बसू देईनात. नशेबाज दिसतो, घाणेरडा दिसतो, आईबापांना बोलवा. तेव्हा मी त्या पोराच्या बाजूने बोलले. ‘आपली संस्कृती’ आठवून त्याच्या विरोधात बोलणाऱ्यांत आजच्या टाळ्या वाजवणारे काही चेहरे होते. तेव्हा त्यांना कात्री हवी होती, आज कात्रीचा राग आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये कायदा करून सांगावं लागलं की नैसर्गिक केस, वेण्या किंवा लॉक यांवरून शाळेत आणि नोकरीत कुणाला डावलता येणार नाही. तिथल्या काळ्या माणसांची लढाई केस ठेवू देण्याची आहे. आमच्या बाईची लढाई केस काढू देण्याची आहे. हक्क एकच आहे: माझं डोकं माझ्या मर्जीत. जो एकाला हा हक्क देतो आणि दुसरीला नाकारतो, दुटप्पी तो आहे.

आणि सातपुड्याची संस्कृती आम्हाला शिकवू नका. ज्या जिल्ह्यात बाईला डाकीण ठरवून मारझोड होते, तिथे ‘परंपरेला हात लावू नका’ याचा अर्थ काय होतो, हे इथल्या बायकांना ठाऊक आहे. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यावा लागला. तेव्हाही बाहेरचे लोक आमच्यात लुडबुड करतात, हीच ओरड होती. पण याच डोंगरात अक्कलकुव्याच्या काठीची होळी आहे. तिथे नवस फेडणारे बुध्या, बावा, मोरखी होळीच्या आधीचे काही दिवस पालनी पाळतात: खाटेवर बसत नाहीत, अंघोळ करत नाहीत, संसारापासून दूर राहतात. कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून रात्रभर नाचतात, पहाटे होळी पेटते. आणि नवस फिटला की अंघोळ करून माणूस आपल्या कामाला लागतो. डोंगराचं व्रत असं असतं. ते आपण होऊन घेतलेलं असतं आणि त्याला शेवट असतो. बाईच्या डोक्यावर जन्मभर लादलेली, शेवट नसलेली जट या परंपरेच्या नावावर खपवणं हा डोंगरातल्या माणसांचा अपमान आहे.

वक्त्यांचं एक म्हणणं मात्र पूर्ण बरोबर आहे. जट काढताना बाईचा चेहरा दाखवून, कापलेला गोळा हातात धरून जे फोटो फिरवले जातात, ते बंद झाले पाहिजेत. तिने कुठली स्पर्धा जिंकलेली नाही आणि ती कुणाच्या कार्यकर्तेपणाचा पुरावाही नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्याला लॉक हवेत त्याने जरूर ठेवावेत, नीट धुवावेत, वाळवावेत, आणि शाळा-कचेऱ्यांनी त्याला छळू नये. जिला जट राखायची आहे, आणि एकटीला विचारल्यावरही जी तेच सांगते, तिच्या डोक्याला कुणी हात लावू नये. तिला टाळू स्वच्छ कशी ठेवायची तेवढं दाखवावं. जिला काढायची आहे पण भीती वाटते, तिच्याशी तिच्या बोलीत, भिलीत नाही तर पावरीत, बाईनेच बोलावं, एकदा नव्हे, चार-पाचदा. आशाताईंना हे काम जमेल, कारण घरात त्यांना कुणी अडवत नाही. गुंता कोवळा असेल तर कात्री लागतही नाही, तेल आणि फणी पुरते. आजारी आणि बाळंत बाईचे केस पहिल्या आठवड्यात सैल वेणीत बांधून टाकले तर पुढचं काहीच होत नाही. कापावीच लागली तर नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून, रक्त येत नाही हे त्यांना पाहू देऊन कापावी. मग डोकं कोमट पाण्याने धुवावं, जखमा असतील तर ग्रामीण रुग्णालयात दाखवाव्यात, आणि महिन्याभराने त्या घरी पुन्हा जाऊन यावं. तोवर सेंटिमीटरभर नवे केस आलेले असतात, आणि त्या दरम्यान घरात कुणाला साधा ताप जरी आला तरी त्याचं खापर तिच्या डोक्यावर फोडलं जातंय का, हे तिथे जाऊनच कळतं.