काटोल रोडवर हिमालय कुठंय?

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. सायकलने ऑफिसला जाणारा माणूस दोन आठवड्यांत थकला की "स्टॅमिना वाढव बे, होईल सवय" असा सल्ला फेकणाऱ्या सगळ्यांशी.

कळमेश्वर ते नागपूर घ्या. काटोल रोडने साधारण वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीसच्या वर. एमआयडीसीमुळे ट्रकची ये-जा. त्यात नागपूर कळमेश्वरच्या आग्नेयेला. म्हणजे सकाळी जाताना ऊन तोंडावर आणि संध्याकाळी परततानाही तोंडावरच! हा बग कोणाकडे फाइल करायचा? :)

असा रस्ता रोज तुडवायचा म्हणून आपली मंडळी दुकानात जातात आणि घेऊन येतात काय, तर माउंटन बाइक. जाड खाचांचे टायर, पुढे सस्पेन्शन, एकवीस गिअर, आणि मडगार्ड मात्र नाही. काटोल रोडवर हिमालय कुठंय राजेहो? स्वस्तातलं सस्पेन्शन म्हणजे फुकटचं वजन. चढावर उभं राहून पेडल मारलं की थोडा जोर त्या स्प्रिंगच्या घशात. आणि डांबरावर त्या टायरची जी घूंऽऽ ऐकू येते ना, ती तुमच्याच पायांची ताकद वाया जाते आहे.

प्रोग्रॅम हळू चालला तर आपण आधी वेळ कुठे जातोय ते मोजतो. सायकलच्या बाबतीत मात्र सरळ स्वतःला शिव्या घालतो. कमाल आहे.

एमआयडीसीत डबा लटकवून काळ्या सायकलवर जाणारा कामगार बघा. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, खाचा नसलेला बारीक टायर. वजन वीसेक किलो, ते सोडलं तर कामाला जायची सायकल कशी असावी हे सगळं तिच्यात आहे. त्याच गुणांची हलकी सायकल म्हणजे साधी हायब्रिड: पुढे सस्पेन्शन नको, टायर 32 ते 38 मिलिमीटर, मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला भोकं हवीत. पाठीवरची लॅपटॉपची बॅग कॅरिअरवर गेली की निम्मी पाठदुखी तिथेच संपते.

मग फुकटातली कामं. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. नसेल होत तर सीट वर करा. बसक्या सीटमुळे गुडघे दुखतात आणि आपण वयाला दोष देतो. दर आठवड्याला हवा भरा, किती ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. जड गिअर रेटत बसू नका, हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरू द्या. आणि चाळीस किलोमीटरला आठशे-हजार कॅलरी सहज जातात. त्या एका चहा-बिस्किटावर भरून निघत नाहीत. मे महिन्यात नुसत्या पाण्याने भागत नाही, मीठही लागतं.

"पण आपल्या नागपूरच्या अमित समर्थनं 2017 मध्ये अमेरिकेतली रॅम एकट्यानं पूर्ण केली, तुला चाळीस किलोमीटर जड जातात?" हे ठरलेलं वाक्य. अरे, त्या शर्यतीत मागे गाडी असते, पाणी द्यायला माणसं असतात, आणि पोचल्यावर नऊ तासांचं ऑफिस नसतं! रिलीजच्या आदल्या रात्री दोनला झोपलेल्या माणसाला हे उदाहरण देणं म्हणजे शुद्ध दुष्टपणा. थकलेला सायकलवाला नुसता हळू होत नाही, तो वाकडा जायला लागतो. आणि मागून ट्रक येत असतो.

म्हणून सोमवार आणि गुरुवार सायकल, बाकी दिवस बस, इथून सुरुवात करा. झोप झाली नसेल त्या दिवशी सायकल घरी. पेडल मारताना मोटरची मदत देणारी सायकलही चालेल. 250 वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत राहणारी असेल तर लायसन्सही लागत नाही. "ही चीटिंग आहे" म्हणणाऱ्याला मे महिन्यात दुपारी चारला कळमेश्वरला पाठवा.

कामाला जायची सायकल ही परीक्षा नव्हे. ऑफिसला पोचून डोकं चाललं पाहिजे आणि संध्याकाळी घरी पोरांशी बोलायचं त्राण उरलं पाहिजे. एवढं जमवते ती सायकल चांगली. बाकी सगळा शोरूममधला चकचकाट.