घरांतील जुनी पेटी

सणासुदीस घर झाडतांना शेवगांवांतील एखाद्या माळ्यावर काळी चौकोनी पेटी सांपडते. तिला पुढें भिंग, बाजूस किल्ली व मागें तांबडी बारीक खिडकी असली, तर तो जुना बॉक्स कॅमेरा समजावा. तो मोडींत घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या घरीं अशी पेटी निघाली, तेव्हां आम्हीं ती उतावीळपणें भर उन्हांत उघडली. आंत वडिलांच्या वेळची फिल्म होती. उजेड लागून ती बाद झाली. तींत कोणाचे चेहरे होते, हें आतां कधींच कळणार नाहीं. म्हणून खिडकींत आंकडा वा कागद दिसल्यास किल्ली अखेरपर्यंत फिरवावी, आणि मगच काळोखांत पेटी उघडावी.

फिल्मचा क्रमांक बहुधा रिळावर असतो. कोडॅक कंपनीनें १९०० सालीं एक डॉलरास ‘ब्राउनी’ विकावयास काढली. तिच्या दुसऱ्या नमुन्यासाठीं १९०१ सालीं निघालेली १२० क्रमांकाची फिल्म आजही मिळते. ६२० क्रमांकाची १९९५ सालीं बंद झाली. तिच्या बारीक रिळावर १२० ची फिल्म अंधारांत गुंडाळून घ्यावी लागते.

सूर्य पाठीशीं असावा, माणूस आठ-दहा फुटांवर असावा, पेटी पोटाशीं घट्ट धरावी. बहुधा आठच चित्रें निघतात. त्यामुळें मनुष्य आधीं नीट पाहतो, मग कळ दाबतो. विद्यार्थिमित्रहो, पहिलें चित्र आजी-आजोबांचें घ्या. आम्हीं गमावलें, तें तुम्ही राखा.