गाडी आतल्या माणसांची की बाहेरच्या डोळ्यांची?

मंडळी, आज थोडं भांडायचं ठरवलं आहे. भांडण गाडीवरून आहे, आणि घरातूनच सुरू झालं आहे, त्यामुळे हे वाचणाऱ्या काही नातेवाइकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या.

आमच्याकडे २००९ ची एमएच-३४ पासिंगची स्कॉर्पिओ आहे. पंधरा वर्षं झाल्यावर २०२४ मध्ये फिटनेस करून तिची नोंदणी वाढवून घेतली. आता पुतण्याचं म्हणणं असं की, "काकाजी, ही गाडी म्हातारी दिसते. विकून टाकू आणि स्कॉर्पिओ-एन घेऊ. तिचं डिझाइन बघा, काय रुबाब आहे!" मी काही शंका काढल्या तर उत्तर मिळालं, "तुम्ही मराठी आणि इतिहास शिकवला, डिझाइनमधलं तुम्हाला काय कळणार?"

आता हे मात्र मला मान्य नाही. डिझाइनला मराठीत साधा शब्द आहे, रचना. कोणती गोष्ट कुठे आणि कशासाठी ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. तीसेक वर्षं मी मुलांना हेच शिकवत आलो की अलंकार अर्थासाठी असतो. अर्थ नसेल तर तो नुसता दागिना. तोच नियम लावून मी या दोन गाड्यांकडे बघतो आहे, आणि माझं मत स्पष्ट सांगतो: जुनी गाडी आत बसणाऱ्या माणसांचा हिशोब करून रचली होती, नवी गाडी बाहेरून बघणाऱ्यांचा हिशोब करून रचली आहे.

आधी माहिती घ्या. पहिली स्कॉर्पिओ बाजारात आली जून २००२ मध्ये. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, स्कॉर्पिओ-एन आली. आणि गंमत म्हणजे दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याच कंपनीने जुनी गाडी थोडी रंगरंगोटी करून 'स्कॉर्पिओ क्लासिक' या नावाने पुन्हा विकायला ठेवली. म्हणजे तुलना करायला दोन्ही एकाच दुकानात उभ्या.

क्लासिकची लांबी ४४५६ मिलिमीटर, रुंदी १८२०, उंची १९९५. एनची लांबी ४६६२, रुंदी १९१७, उंची १८५७. म्हणजे नवी गाडी सुमारे वीस सेंटिमीटर लांब झाली, दहा सेंटिमीटर रुंद झाली आणि तेरा-चौदा सेंटिमीटर ठेंगणी झाली. हे तीन आकडे नीट वाचले तर सगळी गोष्ट त्यांतच आहे. बाहेरून भारदस्त दिसायला लांबी-रुंदी लागते. आत शिरायला, ताठ बसायला, पदर सावरून उतरायला उंची लागते. वाढलं काय आणि घटलं काय, तुम्हीच बघा.

दोन्ही गाड्या शिडीसारख्या चासीवर बसवलेल्या आहेत. अशा गाडीत चढताना पाय उंच उचलावा लागतोच, आमच्या जुन्या गाडीतही लागतो. पण पाय उचलायचा आणि वर डोकंही वाकवायचं, ही दोन्ही कामं सत्तरीतल्या गुडघ्याला आणि कमरेला एकदम सांगायची नसतात. ठेंगणी गाडी वळणावर कमी झुलते हे खरं आहे, त्याचे गुण मी तिला देतो. पण चंद्रपूर-मूल-गडचिरोली रस्त्यावर आम्हाला घाट लागत नाहीत. लागतात ते खड्डे, गुरं, आणि समोरून येणारे ट्रक. आलापल्ली-एटापल्लीकडे लोहखनिजाचे ट्रक समोर आले की छोट्या गाडीने बाजूच्या मातीवर उतरायचं असतं. तिथे दहा सेंटिमीटरची जास्तीची रुंदी हा रुबाब नाही, ओझं आहे.

आता मागच्या बाकांबद्दल. जुन्या गाडीत, म्हणजे आमच्यासारख्या सात जणांच्या, मागे दोन समोरासमोर आडवे बाक असतात आणि मागच्या दारातून थेट तिथे चढता येतं. मधल्या लोकांना उठवायला लागत नाही. नव्या गाडीत तिसरी रांग पुढे तोंड करून आहे. तिथे जायचं तर मधली रांग आडवी पाडून तिच्या मागून सरकत जायचं. मागचं दार आहे, पण ते सामानासाठी. आणि तिसऱ्या रांगेत माणसं बसली की सामानालाही फारशी जागा उरत नाही. मार्कंड्याच्या यात्रेला जाणाऱ्या कुटुंबात मागे कोण बसतं? एक तर मुलं, नाही तर म्हातारे, कारण मधली जागा जावयाची असते! त्या म्हाताऱ्यांनी सरपटत जायचं का?

इथे कोणी म्हणेल की आडव्या बाकांवर माणसं बसवणं धोक्याचं आहे. बरोबर आहे. आडवं बसलेल्या माणसाला धड पट्टा नसतो आणि जोराचा ब्रेक लागला तर तो फेकला जातो. त्या बाकांची वकिली मी करत नाही. मी वकिली करतो आहे ती त्या बाकांमधल्या जागेची. बाक वर उचलले की मागे सपाट जमीन मिळते. तिथे धानाची पोती जातात, लग्नाची भांडी जातात, आणि वेळ आली तर माणूस झोपवून नेता येतो. आलापल्लीच्या पलीकडून आमच्या एका आप्ताला तिथे गादी टाकून चंद्रपूरला आणलं होतं. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्कच तुटतो. त्या भागात खाटेवर पेशंट घालून चालत आणल्याच्या बातम्या अजूनही दर पावसाळ्यात वाचायला मिळतात. रस्ता लागल्यावर पहिली जी गाडी मिळेल तीच ॲम्ब्युलन्स असते. नव्या गाडीत तिसरी रांग घडी केली तरी ती जागा अडवून बसतेच. आठवड्यातून एकदाही कोणी न बसणाऱ्या आसनासाठी ही सोय घालवली, याला मी प्रगती म्हणणार नाही.

तिसरा मुद्दा काचांचा. जुन्या गाडीच्या खिडक्या मोठ्या आणि उभट आहेत, काचेची खालची कड खाली आहे. आजकालच्या बहुतेक मोठ्या गाड्यांत पत्रा वर चढत गेला आणि काच बारीक होत गेली; मागे जाता जाता ती अजून निमुळती होते. बाहेरून बघताना त्यामुळे गाडी दणकट दिसते, एखाद्या पहिलवानाची छाती असावी तशी. पण आतल्या लहान मुलाला पत्राच दिसतो. ताडोब्याला लोक पैसे मोजून उघड्या जिप्सीत बसतात, कशासाठी? डोळे आणि जंगल यांच्यामध्ये काही येऊ नये म्हणून. आणि त्याच जंगलातून जाणाऱ्या आपल्या रोजच्या रस्त्यावर आपण अशा गाडीतून जायचं की मुलाला मोबाइलशिवाय बघायला काहीच उरू नये! शिवाय आपल्या भागात बाहेर बघणं ही हौस नाही. मूल, चिचपल्ली, सिंदेवाहीच्या रस्त्याला संध्याकाळी रानडुक्कर कुठून येईल आणि वाघ कुठून, सांगता येत नाही. चालवणाऱ्याला जेवढं जास्त दिसेल तेवढं सगळ्यांच्याच भल्याचं.

काच कमी केली ती बाजूची. छताला मात्र काच बसवली! वरच्या श्रेणीतल्या गाडीला सनरूफ मिळतं. ज्या गावात मे महिन्यात पारा ४६-४७ ला टेकतो, जिथे दुपारी बारा ते चार कुत्रंही सावली सोडत नाही, तिथे छताला काच लावण्याचे जास्तीचे पैसे द्यायचे. बाप्पा! ऊन आत यायला आम्हाला कधीच अडचण नव्हती. आणि त्यातून मुलांना डोकं बाहेर काढून उभं करण्याची जी नवी फॅशन वरातीत दिसते, तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. तो मी टाळणार नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एनसीएपी या संस्थेने त्या वेळची एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटून बघितली तेव्हा तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच संस्थेने स्कॉर्पिओ-एनला पाच तारे दिले. शून्य आणि पाच. यावर वाद होऊच शकत नाही. घरात नातवंडं असलेल्या माणसाने या आकड्यांकडे पाठ फिरवू नये, आणि नवी गाडी घ्यायला हे एक कारण पुरेसं आहे.

पण म्हणून पुतण्याचा मुद्दा सिद्ध होत नाही. तो म्हणतो, नवं डिझाइन म्हणजे सुरक्षित डिझाइन. याच कंपनीची बोलेरो निओ बघा. २०२१ मध्ये आली, चेहरा नवा, नाव नवं. एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनसीएपीने तिला एकच तारा दिला. म्हणजे नवा चेहरा ही वेगळी गोष्ट आणि आतला मजबूत सांगाडा, एअरबॅग, पट्टे ही वेगळी गोष्ट. पाच तारे सांगाड्याने आणि एअरबॅगांनी मिळवले. ते सनरूफमुळे मिळाले नाहीत, दिव्यांच्या नक्षीमुळे मिळाले नाहीत. जाड झालेले खांब सुरक्षिततेसाठी आहेत, ते मी सहन करीन. पण आजीचा पाय, मुलाची खिडकी आणि पेशंटची जागा सुरक्षिततेच्या नावाखाली काढून घेऊ नका. दोन्ही एकत्र देणं ही इंजिनिअर मंडळींना न जमणारी गोष्ट नाही. त्यांना कोणी मागितलंच नाही.

"लोकांनाच हे हवंय," असंही म्हणतात. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात एक लाख गाड्या बुक झाल्या, हे खरं आहे. पण मग जुनी गाडी क्लासिक म्हणून का ठेवावी लागली? २००० साली आलेली चौकोनी, काटकोनी बोलेरो पंचवीस वर्षं का चालली? कारण ती घेणारेही लोकच आहेत. फक्त ते गाडीभोवती फिरून फोटो काढत नाहीत. सिरोंच्याचा, अहेरीचा, धानोऱ्याचा माणूस गाडी घेताना मागचं दार उघडून आत किती माणसं आणि किती पोती मावतील ते बघतो. अर्ध्या तासातल्या एक लाखांत त्याचा आवाज कुठे ऐकू येणार?

आपल्या झाडीपट्टीत शंकरपटाची छकडी असते आणि घरची बंडी असते. पटाची छकडी हलकी, देखणी, सजवलेली. ती पळताना बघायला हजारो लोक जमतात आणि जमावंच. पण त्या छकडीत बसवून आजीला कोणी यात्रेला नेत नाही. पटाला छकडी आणि घराला बंडी, हे आपल्या सुताराला कळत होतं. आज मात्र घरच्या बंडीच्या भावात, किंबहुना त्याहून कितीतरी जास्त भावात, आपल्याला छकडी विकली जाते आहे आणि आपण ती अभिमानाने दारात उभी करतो आहोत.

तर पुतण्या, भाचेजावई आणि हे वाचणारे बाकी सगळे, माझं म्हणणं असं. गाडी बदलायला माझा विरोध नाही. एअरबॅग आणि पट्टे असलेली गाडी घरात यायलाच हवी. पण शोरूममध्ये तुमच्या काकूला बरोबर घेऊन जायचं. तिला लुगड्यात मधल्या आसनावर चढू द्यायचं आणि उतरू द्यायचं, हाताला धरायला कडी कुठे आहे ते तिला शोधू द्यायचं. धाकट्या नातीला मागे बसवून विचारायचं, बाहेर काय दिसतं. तिसरी रांग पाडून सहा फुटी माणूस आडवा होतो का ते झोपून बघायचं. सेल्समन हसला तर हसू दे. सनरूफचे पैसे वाचवायचे आणि पट्टे सगळ्या आसनांना आहेत का ते मोजायचं. या परीक्षेत स्कॉर्पिओ-एन पास झाली तर तीच घ्या, मी पेढे वाटीन. नापास झाली तर दुसरी गाडी बघा, मग ती दिसायला कशीही असो.

रंग कुठला घ्यायचा ते मात्र तुम्ही ठरवा. त्यात मी पडणार नाही.