गुलाबी दाण्यांची माळ



या आठवड्यात कीड, खत किंवा पाणी यांविषयी लिहीत नाही. लहान मुलांच्या खेळाविषयी लिहितो आहे. "साहेबांना हे मध्येच काय सुचले?" असे तुम्ही म्हणाल. पण पान उलटू नका. यात बियाणे आहे, औषध आहे, आणि माझी स्वतःची एक चूकही आहे.

मी वाकडला राहतो. आमचे वाकड हे मुळशी तालुक्यातले, मुळा नदीच्या काठचे गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. शेजारच्या हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि ज्या रानात आम्ही गोफण घेऊन ज्वारी राखली तिथे आता मान वर करून मजले मोजावे लागतात. तरी चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला येतेच. आणि माझ्या चुलत भावाने दोन म्हशी व त्यांच्या चाऱ्यापुरते रानही अजून राखले आहे.

गेल्या ज्येष्ठात त्याच्याकडे सहज गेलो होतो. त्याची पाच वर्षांची नात ओसरीवर बसून माळ ओवत होती. गळ्यात एक माळ आधीच घातलेली. दाणे छान गुलाबी. वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "भावोजी, बघा तरी, सकाळपासून एका जागी बसलीय. काही त्रास नाही."

मी जवळ गेलो आणि अंगावर काटा आला. ते दाणे चाऱ्याच्या मक्याचे होते, पेरून उरलेले. बुरशी लागू नये म्हणून औषध चोळलेले. सुई शिरावी म्हणून पोरीने ते स्टीलच्या वाटीत भिजत घातले होते. वाटीतले पाणी गुलाबी, बोटे गुलाबी, आणि दोऱ्याचे टोक तोंडात ओले करून करून ओठही गुलाबी!

माळ काढून घेतली. तिचे हात साबणाने धुतले, तोंड खळखळून धुवायला लावले, आणि बियाण्याची रिकामी पिशवी बरोबर घेऊन डॉक्टर गाठले. त्यांनी पिशवीवरचे औषधाचे नाव वाचले, संध्याकाळपर्यंत पोरीला डोळ्यांसमोर ठेवले. सुदैवाने काही झाले नाही. घरी येताना तिने मला एकच विचारले, "आबा, मग मी काय ओवू?"

तीस वर्षे मी बीजप्रक्रिया शिकवतो आहे. बियाण्याला रंग का देतात, तर ते खाण्याचे नाही हे लांबून कळावे म्हणून, हे मी शेकडो सभांत सांगितले. पण जो रंग मोठ्यांना "दूर राहा" म्हणतो, तोच लहानांना "ये, खेळ" म्हणतो, हे माझ्या कधी ध्यानातच आले नाही. आणि पोरीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते उत्तर नंतर शोधले. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट माती. दुकानात लहान मुलांसाठी रंगीत, मऊ माती डबीत मिळते. आमच्याकडे दिवाळीत किल्ला करायला मातीसुद्धा विकत आणतात, कारण इमारतीच्या खाली सगळीकडे फरशी. तुमच्या दारात ती फुकट आहे. पण नुसती काळी माती देऊ नका. काळी माती ओलीत फुगते आणि वाळताना आकसते, हे तुम्ही उन्हाळ्यात रानातल्या भेगांवरून जाणताच. तीच भेग मुलाच्या बैलाच्या पोटावर पडते आणि मूल रडते. नदीकाठचा किंवा तळ्यातला पोयटा मिळाला तर उत्तम. नाही तर काळी माती चाळून, तिच्यात निम्मी बारीक वाळू आणि मूठभर गव्हाचा भुसा घालून रात्रभर ओल्या फडक्याखाली मुरवा. सकाळी चपातीच्या कणकेसारखी मळून द्या. पाय मोडतात म्हणून आत तुरकाठीचे बारीक तुकडे घालावेत. सावलीत वाळवा, उन्हात नको. माती मात्र उकिरड्याजवळची किंवा फवारणीचा पंप धुतो त्या जागेची घेऊ नका.

पोळा कुठे श्रावणी अमावास्येला, कुठे भाद्रपदी. घरात बैल असो की ट्रॅक्टर, मातीची जोडी पोरांच्या हातची पुजा. बाजारातली रंगवलेली जोडी खुशाल देखणी असेल, पण तिच्यात पोराचे काही नसते.

रंगही घरातच आहेत. हळद पाण्यात कालवली की पिवळा. त्याच पिवळ्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की तो तांबडा होतो. हे पाहताना आमची नात टाळ्या पिटते. जुन्या काळी हळदीला चुना लावून कुंकू करीत ते याच गुणामुळे. पण मुलांच्या हाती चुना देऊ नका, डोळ्यात गेला तर फार वाईट. बिटाचा किंवा पालकाचा रस, चुलीतला विझलेला कोळसा, काव, फाल्गुनात पळसाची फुले उकळून केशरी. कडुनिंबाची काडी चावून टोक मऊ केले की कुंचला झाला. भेंडी आडवी कापून रंगात बुडवा आणि कागदावर दाबा, पाच पाकळ्यांचे फूल उमटते. जून, निबर भेंडी बाजारात कोणी घेत नाही, तिचा हा उपयोग.

चिकटवायला कणकेची खळ. इथे एक सांगतो. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालीत, आणि बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद अनेक शेतकऱ्यांच्या घरी असतोच. मुलांच्या खळीत तो चिमूटभरसुद्धा नको. खळ वाटीभरच करा, दोन दिवसांत संपवा.

ज्वारीच्या वाळलेल्या ताटाची बैलगाडी तुमच्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी केली असेल. आतल्या पांढऱ्या भेंडाची चाके, सालीच्या पट्ट्यांचा सांगाडा, खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे. साल सुरीसारखी कापते म्हणून ती आजोबांनी काढून द्यावी, जुळणी पोरांनी करावी. आजोबा-नातवंडांची एक दुपार यात सुखात जाते.

हे काही माझ्या पदरचे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ते काम वाढवले. मादाम मॉन्टेसरींची महागडी साधने आदिवासी पाड्यावर कोण आणणार? त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या हीच साधने केली. मुले शाळेत येईनात तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. त्याच डहाणूच्या मुलखातले जिव्या सोमा म्हशे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने लग्नाचे चौक लिहायची वारली बायकांची रीत. ती कला त्यांनी कागदावर आणि कापडावर आणली, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळवली. पीठ, गेरू आणि काडी! यातले काय तुमच्या घरी नाही?

आता ओवण्याचे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती कोणतेही बी देऊ नका. हरभरा, शेंगदाणा, वाटाणा नाकात-कानात जातो आणि ओल लागून तिथेच फुगतो. तसे झाले तर काडी-पिन घालून काढू नका, दवाखाना गाठा. मोठ्या मुलांना भोपळ्याच्या बिया द्या, सुई सहज शिरते. चिंचोके मांडून चित्र करायला द्या. झेंडू, पारिजातक ओवायला द्या. सुई बोथट असावी आणि आईने मोजून परत घ्यावी.

काय देऊ नये तेही ऐका. गुंजा दिसायला सुंदर, लाल-काळ्या. पण फुटलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतते. एरंडाची नक्षीदार बी तशीच. धोतऱ्याचे काटेरी बोंड तसेच. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी आम्ही लहानपणी खेळलो, पण आतला गर हृदयावर परिणाम करतो हे तेव्हा कोणी सांगितले नाही. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. गाजरगवताची पांढरी फुले मुली भातुकलीत घेतात, त्याने कातडीला खाज सुटते. हे गवत आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदले गेले ते आमच्या पुण्यातच, त्याचे श्रेय घ्यावे असे नाही!

आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्या. रंगाच्या पाण्याला, कुंचले ठेवायला त्या फार सोयीच्या दिसतात. बाटलीवरचा त्रिकोण लाल असो, पिवळा, निळा की हिरवा, हिरवा म्हणजे निर्धोक असे मुळीच नाही. बाटली रिकामी झाली की तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. बीजप्रक्रिया केलेले दाणे उरले तर बांधाकडेला पेरून टाका. कोंबड्यांना नको, म्हशीला नको. ते कोनाड्यात ठेवले तर पोरे शोधतातच. आणि चुकून तोंडात गेलेच तर उलटी काढण्याच्या नादी लागू नका. पिशवी किंवा बाटली घेऊन दवाखान्यात जा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

आता माझी चूक. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिने ऊस काढला, निळ्या रंगाचा. मी कृषी पदवीधर! म्हणालो, "निळा ऊस कुठल्या रानात पाहिलास?" हिरवा खडू हातात दिला. तिने हिरवा ऊस काढला आणि मला दाखवला. पण त्यानंतर तिने चित्र काढताना दर वेळी आधी मला विचारले, आणि काही दिवसांनी काढायचेच सोडले. आज ती नोकरी करते, तिला ते आठवतही नसेल. मला आठवते. म्हणून सांगतो, पोराचे चित्र दुरुस्त करू नका, त्याच्या बैलाचे शिंग आपल्या हाताने सरळ करू नका. "हे काय रे केलेस?" असे न विचारता "याचे सांग की" म्हणा, आणि ऐका. जागा द्यायची ती ओसरीचा एक कोपरा आणि खताची जुनी नव्हे, धान्याची जुनी गोणी खाली अंथरायला. पसारा होणार. वहिनी पहिल्यांदा त्यावरून कुरकुरल्या, आता त्याच माती मळून देतात.

परवा गेलो तेव्हा नातीने मातीचा बैल करून ठेवला होता. मोजले तर पाय सहा. जिभेवर आलेले शब्द मी गिळले आणि म्हणालो, "याचं सांग की."

"आबा, हा पळतोय," ती म्हणाली. "पळताना पाय जास्त दिसतात."

बैल देवळीत वाळतो आहे. दुसरा करायचा आहे म्हणून तिने मला पिशवीभर पोयटा आणायला सांगितला आहे.