घंटा कधी वाजते?

काम केले की पगार मिळतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण काम सुरू केव्हा झाले हे सांगताना भल्याभल्या न्यायाधीशांना घाम फुटला आहे. (आम्हां मास्तरांना कोणी असे विचारू नये. पेपरांचे गठ्ठे आमच्या घरीच तपासले जातात!)

अमेरिकेत, मिशिगन राज्यात, माउंट क्लेमेन्स येथे चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना होता. आवार आठ एकरांहून मोठे, माणसे सुमारे १,२००. आत शिरलेला कामगार कार्ड टोचून आपल्या जागेपर्यंत चालत जाई, एप्रन चढवी, हातांना ग्रीज चोळी, खिडक्या उघडी, हत्यारांना धार लावी. तोवरची मिनिटे मालकाच्या हिशेबात नसत. १९४६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, हेही कामच. काही सेकंदांचा मात्र हिशेब मागू नये.

झाले! देशभर थकबाकीच्या दाव्यांचा पाऊस पडला. कारखानदार हबकले आणि १९४७ साली तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायदाच फिरवला. जागेपर्यंतचे चालणे वगळले, मुख्य कामाच्या आधीची नि नंतरची किरकोळ तयारी वगळली. मग ‘किरकोळ’ कशाला म्हणायचे, याचा कीस निघाला. बॅटरीच्या कारखान्यात अंगावर शिसे बसते. तेथील मजुरांनी कपडे बदलणे, अंघोळ करणे हे कामच, असे १९५६ साली ठरले. ते पटते. शिशाने माखलेल्या हातांनी घरी जाऊन पोराला कडेवर कसे घ्यायचे?

पण २०१४ चा निकाल मला काही केल्या पचत नाही. नेव्हाडातल्या गोदामात पाळी सुटल्यावर झडतीची रांग लागे; कामगारांच्या म्हणण्याप्रमाणे रोज सुमारे २५ मिनिटे. झडती दिल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकता येत नसे. नऊच्या नऊ न्यायमूर्ती म्हणाले, तुम्हांला ठेवले ते माल काढायला नि बांधायला, झडती द्यायला नव्हे. सबब पैसे नाहीत. तर्क बिनतोड खरा. पण पाच दिवसांचे दोन तासांवर होतात, आणि ते त्या माणसाने आपले म्हणावेत तरी कसे? ना घरी जाता येते, ना कोपऱ्यावर चहा घेता येतो.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, आपल्या राज्याच्या नियमांवर बोट ठेवून, अॅपलच्या दुकानांतील नोकरांच्या पिशव्या तपासण्याचा वेळ पगारी ठरवला. त्यांनी विचारले ते एवढेच, की त्या वेळी माणूस मालकाच्या ताब्यात होता की नव्हता?