शेजारच्या भाषेतील नाटक

नाटकाची आवड असलेला मराठी माणूस परप्रांती राहावयास गेला, म्हणजे त्याला नाट्यगृहाची उणीव फार भासते. बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात नोकरीच्या निमित्ताने आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. मराठी नाटकाचा प्रयोग तिकडे क्वचितच होतो. तेव्हा ‘येथे पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणून ही मंडळी घरीच बसतात. त्यांना आणि परप्रांतातील सर्वच वाचकांना आमची एक विनंती आहे: शेजारच्या भाषेतील नाटक अवश्य पाहावे.

गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ मी बंगळुरात मूळ कन्नडमध्ये पाहिले. माझे कन्नड बाजारहाटापुरते. परंतु १९६४ सालच्या या नाटकाचे विजय तेंडुलकरांनी केलेले मराठी भाषांतर आधी वाचले होते, त्यामुळे कथेचा धागा कोठेही सुटला नाही. भाषांतर हाच ज्याचा व्यवसाय, त्याला तर ही मोठी पर्वणी. मराठीत वाचलेले वाक्य नट आपल्या भाषेत उच्चारतो, तेव्हा अर्थ आधीच ठाऊक असतो. कान मोकळे राहतात ते स्वरासाठी, विरामासाठी, श्वासासाठी.

नाटकाचा उत्तरार्ध दौलताबादच्या किल्ल्यात घडतो. सुलतान महंमदाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून हलविली ती आपल्या देवगिरीवर! रात्रीच्या वेळी तटावर दोन पहारेकरी बोलत असतात, एक वृद्ध, एक तरुण. लहानपणी सहलीत चढलेला तो किल्ला कन्नड शब्दांतून डोळ्यांपुढे उभा राहिला, तेव्हा आपल्याच घरातील वस्तू शेजाऱ्याच्या घरी सांभाळून ठेवलेली दिसावी, तसे मला वाटले. अखेरीस थकलेला सुलतान सिंहासनावरच झोपी जातो आणि अजानच्या हाकेने जागा होऊन भांबावलेल्या नजरेने सभोवार पाहतो. त्या नजरेचे भाषांतर कोणालाच करावे लागले नाही.

मध्यंतरात मी शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंना विचारले, “अझीझ धोब्याच्या बोलण्यावर सारे इतके का हसले?” हसण्याचे कारण बाईंनी मोडक्या हिंदीत समजावून दिले, मग माझे गाव विचारले, मुलेबाळे विचारली. त्या शहरात दोन वर्षे राहूनही परक्या माणसाशी इतका वेळ मी कधी बोललो नव्हतो.

हा देवघेवीचा मार्ग जुनाच आहे. कर्नाटकातील कर्की गावचे भागवत खेळे १८४२ च्या सुमारास सांगलीस आले. त्यांचे खेळ पाहून सांगलीच्या राजेसाहेबांना तसे काही मराठीत व्हावेसे वाटले आणि १८४३ साली विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. ‘संगीत शाकुंतल’ लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. उलट, कन्नडचे थोर नाटककार कार्नाड यांचा जन्म १९३८ साली माथेरानला झाला. कोणाचे ऋण कोणावर किती, याचा हिशेब मांडणे कठीणच!

ज्यांना आरंभ करावयाचा आहे, त्यांच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी. नाटकाचे मराठी भाषांतर असेल तर ते आधी घरात सर्वांनी वाचावे. नसेल तर निदान कथा जाणून घ्यावी. मुलांना बरोबर न्यावयाचे असल्यास नाटक त्यांच्या वयाला साजेसे आहे ना, याची चौकशी करावी. बंगळुरात जे. पी. नगरमध्ये ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह आहे. अरुंधती नाग यांनी आपले दिवंगत पती शंकर नाग यांच्या स्मरणार्थ पुढाकार घेऊन ते उभारले, आणि २००४ पासून तेथे निरनिराळ्या भाषांतील प्रयोग होत आले आहेत. वेळेचा नियम तेथे कडक असतो. उशिरा येणाऱ्यास आत घेत नाहीत. तेव्हा बेळ्ळंदूरहून निघणाऱ्यांनी रस्त्यावरील गर्दी ध्यानी धरून दोन तास हाती ठेवावेत. मोबाइल बंद करावा, आणि न समजलेल्या जागी शेजाऱ्याला मध्यंतरात निःसंकोच विचारावे.

पहिल्या नाटकात निम्मे शब्द निसटतील. दुसऱ्यात कमी निसटतील. आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याशी बोलावयास आपल्यापाशी एक विषय असेल.