तुणतुणेवाल्याचें नांव

एकच गोष्ट पुनःपुन्हां सांगणाऱ्यास 'तेंच तुणतुणें वाजवतो' असें आपण हिणवतों. हा वाक्प्रचार रूढ करणाऱ्यांनीं तुणतुणें कधीं लक्ष देऊन ऐकलें होतें कीं नाहीं, याची शंका येते. त्यास तार एकच, हें खरें. पण ती शाहिराच्या स्वरास मिळवावयाची, पोवाडा रंगांत आला तरी उतरूं द्यावयाची नाहीं, लयीचा ठोकाही तिच्यांतूनच काढावयाचा, आणि वर 'जी जी'ची झील ओढावयाची! हीं सारीं कामें एकच मनुष्य करतो.

स्वर व ठोका एकाच तारेंतून काढण्याची ही कला अमेरिकेंत मानाची ठरली. डबल बास हें व्हायोलिनच्या कुळांतील, माणसाहून उंच असें खर्जाचें वाद्य. न्यू ऑर्लिन्सच्या वादकांनीं गज बाजूस ठेवून त्याची तार ओढून सोडण्याची रीत रुळविली. सुटलेली तार पट्टीवर फटकन् आपटते. ध्वनिवर्धक नसतां नाचाच्या गलबल्यांत खर्ज ऐकूं जावा, एवढीच त्यांत गरज होती. बिल जॉन्सन, पॉप्स फॉस्टर, मिल्ट हिंटन हे वादक त्यामुळें इतिहासांत गेले. फॉस्टरचें आत्मचरित्र १९७१ सालीं छापून निघालें. या रीतीचें मूळ आमच्या तुणतुण्यांत शोधणारा एखादा अभिमानी निघेलच. त्यास दुरूनच नमस्कार! हें साम्य गरजेचें आहे, उसनवारीचें नव्हे.

माझा तंटा निराळा आहे. होनाजीबरोबर बाळाचें नांव राहिलें, पण तें गाणाऱ्याचें म्हणून. पठ्ठे बापूरावांच्या तुणतुणेवाल्याचें नांव आपणांपैकीं कितीजण सांगतील? तुणतुणें बहुधा ज्या जातींच्या हातीं असे, त्यांचीं नांवें टिपून ठेवण्याची आम्हां लिहिणाऱ्यांस संवयच नव्हती.

कोरेगांव भीमाचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ रोजीं पडलेल्या शिपायांचीं नांवें त्यावर कोरलेलीं आहेत. त्यांतील २२ 'नाक' या प्रत्ययाचीं, म्हणजे महार शिपायांचीं. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेले. आज दरवर्षीं त्या दिवशीं लाखो लोक जातात. परक्या कंपनी सरकारास सामान्य शिपायाचें नांव दगडावर घालण्याची बुद्धि झाली; आम्हां रसिकांस कागदावर घालण्याचीही होऊं नये काय? शाहिरी कार्यक्रमाच्या पत्रिकेवर शाहिराच्या ठळक नांवाखालीं बहुधा 'आणि साथीदार' एवढेंच असतें. ते दोन शब्द खोडून तेथें माणसांचीं नांवें छापावयास शाई तरी किती लागेल?